वाट पाहण्याचे मोल कोणी द्यावे?



मागणीवर चालणाऱ्या प्रत्येक कामात दोन प्रकारचा काळ असतो. एक प्रत्यक्ष कामाचा आणि दुसरा कामाची वाट पाहण्याचा. पहिल्या काळाचे दाम किती असावे याविषयी घासाघीस होते, परंतु ते द्यावे लागते हे कोणी नाकारीत नाही. दुसऱ्या काळाचे दाम कोणी द्यावयाचे, हा मात्र फार जुना तंटा आहे. गोदी, गिरणी आणि बाजार यांचा इतिहास ज्याने थोडाफार वाचला आहे त्याला हा तंटा ठाऊक असतो. तोच तंटा संगणकाच्या क्षेत्रात कसा उभा राहिला आणि आज कोठवर आला आहे, ते सांगण्याचा माझा आजचा हेतू आहे.

संगणकवाल्यांनी अलीकडे एका व्यवस्थेला 'सर्व्हरलेस' असे नाव दिले आहे. शब्दशः अर्थ, सर्व्हरवाचून चालणारी. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या मागण्या पुऱ्या करण्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवलेला संगणक. तो नसूनही काम होते, असा या नावाचा दावा. आता, सकाळी उठल्यावर भांडी घासलेली दिसली आणि घासणारी बाई दिसली नाही, म्हणून त्या घरात कोणी भांडी घासतच नाही असे आपण म्हणत नाही. ती आपण उठण्यापूर्वी येऊन गेली, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हर आहेच. फक्त तो गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड आहे आणि तो बसून राहतो त्या वेळेचे बिल गिऱ्हाइकाला येत नाही. ते बिल जाते कोठे, याचा शोध घेतला म्हणजे या व्यवस्थेचे मर्म कळते.

१. गोदीवरील पूर्वपीठिका

या कथेचा आरंभ गोदीपासून करण्यास एक सबळ कारण आहे. संगणकवाल्यांनी आपले शब्दच गोदीवरून उचलले आहेत.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गोदीत कामगार तासावर घेतले जात. सकाळी दरवाजाशी शेकडो माणसे उभी राहत, मुकादम हवी तेवढी निवडी आणि बाकीची परत जात. ज्याला घेतले त्यालाही दोन तासांत काढून लावता येई. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनचे गोदी कामगार संपावर गेले. तासाला ६ पेन्स मजुरी ही त्यांची मागणी प्रसिद्ध आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी मागणी अशी की, एकदा बोलावले म्हणजे निदान ४ तासांचे काम दिलेच पाहिजे. बोलावण्याची एक किमान किंमत असली पाहिजे, असा तिचा आशय होता. हा ४ तासांचा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. त्याची गाठ पुढे एका फारच लहान आकड्याशी पडणार आहे.

मुंबईच्या गिरण्यांत याच प्रश्नाला 'बदली' हे नाव होते. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी बदली घ्यावयाचा, आणि तो कोणता घ्यावयाचा हे जॉबर ठरवी. जॉबरच्या या सत्तेवर १९३१ च्या शाही मजूर आयोगाने टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक माणसांना बदली कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी गिरणीवर हजर व्हावयाचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या. यामुळे निवडीत काही शिस्त आली. परंतु ज्या दिवशी जागा रिकामी नसेल त्या दिवशीची खेप फुकटच जाई. वाट पाहण्याचे मोल बदलीवाल्याच्याच पदरी राहिले.

पुढचे पाऊल गोदीत पडले. स्वतंत्र भारताने १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीच्या नियमनाचा कायदा केला आणि त्याखाली १९५१ मध्ये मुंबईची योजना सुरू झाली. कामगारांची नोंदणी झाली, त्यांचा एक राखीव ताफा झाला, आणि जो हजर राहिला पण ज्याला काम मिळाले नाही त्याला हजेरीचा भत्ता मिळू लागला. वाट पाहणे हादेखील कामाचाच भाग आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले. जहाजे नेमाने येत नाहीत. म्हणून ताफा सज्ज ठेवावा लागतो. आणि सज्ज ठेवावयाचा तर त्याचा खर्च ज्यांचे काम होते त्यांनी वाटून घ्यावा, असा हा साधा हिशेब आहे.

आणि नेमक्या याच सुमारास गोदीचे रूप पालटणारी वस्तू समुद्रापलीकडे जन्माला येत होती. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' नावाचे जहाज ५८ पोलादी पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याची ही कल्पना. सुट्या मालाच्या चढाईला त्या काळी टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडत. या पेट्यांना १६ सेंटही पडले नाहीत. पेटीत काय आहे हे यारीला पाहावे लागत नाही. पेटीचे माप ठरलेले असले की कोणतीही यारी, कोणतेही जहाज, कोणताही ट्रक तिला उचलू शकतो. साऱ्या क्रांतीचे रहस्य एवढेच आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने १९६० मध्ये यंत्रांना वाट करून देताना त्या बदल्यात मालकांकडून कामगारांसाठी निधी आणि हमी मिळविली. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोदीतील कंटेनरचे काम पुढे तिकडे सरकत गेले.

२. यंत्राचा वेळ की माणसाचा?

आता संगणकाकडे वळू. १९५० च्या दशकात संगणक इतका महाग होता की तो क्षणभरही रिकामा ठेवणे परवडत नसे. म्हणून वाट पाहण्याचे काम माणसाकडे असे. आपला प्रश्न छिद्रित पत्त्यांच्या गठ्ठ्यावर उतरवून खिडकीत द्यावयाचा आणि उत्तरासाठी काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, परत यावयाचे. पत्त्यावर एक छिद्र चुकले तर पुन्हा तीच वारी. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, त्या काळातील काम याच रीतीने चाले.

या रीतीला पहिला धक्का १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बसला. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेक माणसांनी एकदम काम करण्याची पद्धत चालवून दाखविली. माणूस विचार करतो, बोटे हलवितो, तेवढ्या अवधीत यंत्र दुसऱ्याचे काम करून घेते. त्याच वर्षी तेथील जॉन मॅकार्थी यांनी एका भाषणात असे भाकीत केले की, दूरध्वनीप्रमाणेच संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. आजची सारी व्यवस्था या भाकिताच्या पोटातून आली आहे. फक्त त्यातील 'सार्वजनिक' हा शब्द वाटेत कोठे गळला, ते पुढे पाहू.

पुढे यंत्र स्वस्त झाले आणि पारडे उलटे फिरले. १९८० आणि १९९० च्या दशकांत कचेरीगणिक, कामागणिक वेगळा संगणक आला. हिशेबाला एक, टपालाला एक, संकेतस्थळाला एक. एका यंत्रावर दोन कामे ठेवली तर एकाच्या बिघाडाने दुसरे बंद पडे, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र बिऱ्हाड. परिणाम असा झाला की यंत्रेच वाट पाहत बसू लागली. बर्कले येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात म्हटले आहे की, अशा सर्व्हरांच्या शक्तीपैकी प्रत्यक्षात ५ ते २० टक्केच उपयोगात येत होती. उरलेली शक्ती म्हणजे दरवाजाशी उभे असलेले बदली. फरक इतकाच की येथे त्यांची वीज मालकाला भरावी लागे, म्हणून मालकाला त्यांची चिंता वाटली.

३. पेटी आणि सुकाणू

या अपव्ययावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय, एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालविण्याचा. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी तो बाजारात आणला होता. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने तो साध्या संगणकावर आणला. दुसरा उपाय अधिक हलका. सबंध यंत्राची नक्कल करण्याऐवजी, एकाच यंत्रावरील कामांमध्ये भिंती घालावयाच्या. १९७९ च्या युनिक्समध्ये त्याचे बीज होते. २००० साली फ्रीबीएसडीने त्याला 'जेल' हे नाव दिले. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ पासून प्रत्येक कामाला किती शिधा द्यावयाचा हे ठरविणारी सोय लिहिली, आणि २००८ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. भिंत आणि शिधा, या दोन गोष्टी मिळून संगणकातील 'कंटेनर' तयार होतो.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी एका परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात 'डॉकर' नावाचे साधन दाखविले. डॉकर म्हणजे गोदी कामगार. कल्पना मॅक्लीनचीच. कार्यक्रम आणि त्याला लागणारे सारे सामान एका ठराविक मापाच्या पेटीत भरावयाचे, म्हणजे कोणत्याही यंत्रावर ती पेटी जशीच्या तशी उचलून ठेवता येते. पोलादी पेटीने ज्या डॉकरला गोदीतून उठविले त्याचेच नाव या पेटीने धारण करावे, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय आहे.

पेट्या झाल्या, पण हजारो पेट्या शेकडो यंत्रांवर कोणी लावावयाच्या? ज्या यंत्रांना एकत्र जोडून एका कारभाराखाली आणले आहे त्यांच्या समुदायाला क्लस्टर म्हणतात. गूगलने आपल्या घरात 'बोर्ग' नावाचा कारभारी ठेवला होता. त्याच्या अनुभवावरून जून २०१४ मध्ये 'कुबरनेटिस' हा खुला कार्यक्रम जाहीर झाला, आणि जुलै २०१५ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. त्याला फक्त सांगावयाचे की अमुक पेटीच्या तीन प्रती चालू असाव्यात. एक यंत्र बंद पडून दोनच उरल्या, तर तो तिसरी दुसरीकडे उभी करतो. हुकूम 'हे कर' असा नसतो, 'असे असावे' असा असतो; तसे ठेवणे ही त्याची जबाबदारी.

४. शंभर सहस्रांश सेकंदांचा रोजगार

दरम्यान यंत्रे भाड्याने देण्याचा धंदा सुरू झाला होता. ऑगस्ट २००६ मध्ये अॅमेझॉनने आभासी यंत्र तासाला १० सेंट भाड्याने देऊ केले. काम पाच मिनिटांचे असले तरी भाडे सबंध तासाचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच कंपनीने 'लॅम्डा' जाहीर केले. यात यंत्र भाड्याने घ्यावयाचेच नाही. कार्यक्रमाचा एक लहान तुकडा, ज्याला फंक्शन म्हणतात, तो कंपनीकडे द्यावयाचा. मागणी आली की कंपनी तो चालविते आणि १०० सहस्रांश सेकंदांच्या मापाने आकार लावते. मागणी नसेल तेव्हा आकार शून्य. २०१७ मध्ये यंत्रांचे भाडेही सेकंदावर आले आणि डिसेंबर २०२० मध्ये लॅम्डाचे माप एका सहस्रांश सेकंदावर उतरले. १८८९ चा डॉकर बोलावण्यामागे ४ तास मागत होता. येथे बोलावण्याचे माप सेकंदाच्या हजाराव्या हिश्शावर आले.

हे परवडते कसे? समजा, एका पतसंस्थेला पावत्या तयार करण्याचे फंक्शन हवे आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हजारो पावत्या, एरवी दिवसाला पाचपंचवीस. तिने स्वतःचा सर्व्हर घेतला तर तो तीन आठवडे झोपणार. परंतु कंपनीकडे अशी लाखो गिऱ्हाइके आहेत आणि सर्वांची गर्दी एकाच क्षणी होत नाही. पतसंस्थेची गर्दी ओसरते तेव्हा दुसऱ्या कोणाची चढते. ताफा जितका मोठा, तितका रिकामेपणाचा वाटा लहान. गोदीच्या राखीव ताफ्याचे गणित हेच होते. यात जादू नाही आणि फसवणूकही नाही.

तरीही वाट पाहण्याचे मोल नाहीसे होत नाही. ते केवळ जागा बदलते. फंक्शन बराच वेळ बोलावले नाही तर त्याची पेटी मोडून टाकतात. पुढची मागणी आली म्हणजे पेटी पुन्हा मांडणे, कार्यक्रम आत भरणे, तो जागा करणे यात वेळ जातो. याला ते 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. आपल्या भाषेत, चूल विझलेली असताना पाहुणा आला. तो वेळ गिऱ्हाइकाला थांबून काढावा लागतो. ज्यांना हे थांबणे चालत नव्हते त्यांच्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने नवी सोय काढली: ठराविक संख्येने फंक्शने सज्ज ठेवू, पण सज्ज ठेवण्याचे पैसे पडतील. गोदी कामगाराच्या हजेरी भत्त्याहून यात वेगळे काय आहे? ऑगस्ट २०२५ पासून तर, पूर्वी बऱ्याच प्रकारांत आकारली न जाणारी जागे होण्याची वेळही बिलात धरली जाऊ लागली. शून्याचा दर जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो. उभे राहण्याचा खर्च एका ना एका रकमेखाली वसूल होतोच.

५. आपल्या घरच्या क्लस्टरवर

या व्यवस्थेत पैशाखेरीज आणखी एक गोष्ट द्यावी लागते, ती म्हणजे किल्ली. फंक्शन त्या कंपनीच्या भांडारांशी, रांगांशी, ओळखपत्रांशी इतके गुंतते की ते उचलून दुसरीकडे नेणे जिकिरीचे होते. म्हणून लवकरच अशी खटपट सुरू झाली की, ही सोय कुबरनेटिसवर, स्वतःच्या यंत्रांवर उभी करता यावी. आयबीएमने २०१६ मध्ये 'ओपनव्हिस्क' खुले केले. त्याच वर्षाच्या अखेरीस अॅलेक्स एलिस या इंग्रज अभियंत्याने 'ओपनफास' सुरू केले. जुलै २०१८ मध्ये गूगलने इतर कंपन्यांच्या साह्याने 'केनेटिव्ह' जाहीर केले. याच सुमारास क्लस्टरही लहान झाला. २०१६ चे 'मिनिक्यूब' आणि २०१८ चे 'काइंड' यांमुळे एका मांडीवरच्या संगणकात क्लस्टर मावू लागला, आणि २०१९ च्या 'के३एस'मुळे तो अगदी स्वस्त, तळहाताएवढ्या यंत्रांवरही चालू लागला. 'काइंड'मध्ये तर क्लस्टरमधील यंत्रे हीच मुळी डॉकरच्या पेट्या असतात; पेटीच्या पोटात पेटी.

प्रत्यक्ष मांडणी कशी होते ते थोडक्यात सांगतो. आधी यंत्रावर क्लस्टर उभा करावयाचा. त्यावर केनेटिव्ह आणि येणाऱ्या मागण्यांना वाट दाखविणारा एक दारवान बसवावयाचा. मग पावतीचे फंक्शन पेटीत भरून तिचा साचा तयार करावयाचा. येथे नवशिका हटकून अडतो. साचा आपल्या संगणकावर असतो, परंतु क्लस्टरला तो दिसत नाही, कारण क्लस्टरचे कोठार वेगळे. म्हणून साचा त्या कोठारात मुद्दाम पोहोचवावा लागतो. त्यानंतर एका लहानशा फर्मानात लिहावयाचे की या नावाची सेवा या साच्यातून चालवावी. मागणी धाडली की उत्तर येते.

आता आतील व्यवहार पाहा. मागण्या येत असतात तोवर प्रत्येक पेटीशेजारी बसलेला एक टिपणीस किती कामे हातात आहेत ते मोजतो. साधारणपणे ६० सेकंदांच्या सरासरीवरून किती पेट्या लागतील ते ठरते आणि त्या वाढतात वा कमी होतात. मागण्या थांबल्या की थोड्या सवडीनंतर संख्या शून्यावर येते. शून्यावर असताना मागणी आली तर ती नाकारली जात नाही. 'अॅक्टिव्हेटर' नावाचा एक भाग ती हातात धरून ठेवतो, पेटी उभी करण्याची वर्दी देतो आणि ती उभी राहताच मागणी तिच्या स्वाधीन करतो. म्हणजे फंक्शन शून्य झाले तरी त्याच्या नावाने कोणीतरी जागे आहेच. दारवान, अॅक्टिव्हेटर आणि खुद्द सुकाणूवाला, हे सारे अष्टौप्रहर हजर असतात आणि यंत्राची स्मृती व वीज खातात. कंपनीच्या घरी हे आपल्याला दिसत नाही. आपल्या घरी पहिल्याच दिवशी दिसते.

घरच्या क्लस्टरचा पहिला लाभ हाच, की त्यावर हिशेब उघडा पडतो. पावतीचे फंक्शन शून्यावर उतरले म्हणून विजेचे बिल शून्य होत नाही. यंत्र चालूच आहे. वाचलेली स्मृती दुसऱ्या फंक्शनाला मिळते, हा फायदा खरा. पण दुसरे फंक्शनच नसेल, तर त्या शून्याला काडीचा अर्थ नाही. शून्यावर उतरण्याचे मोल ताफ्यात इतर कोणी असेल तेव्हाच आहे. एकट्या घराला कोठीत धान्य वाचवून भागत नाही. पंगत असेल तर उरलेले दुसऱ्या पानात पडते.

घरचे ते सगळे चांगले, असेही समजू नये. यंत्र बिघडले तर रात्री उठावे लागते, आवृत्त्या बदलाव्या लागतात, चोरापासून राखण करावी लागते. हा श्रमही वाट पाहण्याच्याच जातीचा आहे. शिवाय खुले साधन म्हणजे अमर साधन नव्हे. 'कुबलेस' नावाचा अशाच जातीचा प्रकल्प काही वर्षे चालला आणि पुढे त्याच्या पालक कंपनीने तो थांबविला. ज्यांनी आपली फंक्शने त्यावर मांडली त्यांना पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. तरीही घरी मांडणी करून पाहणाऱ्याला जे ज्ञान होते, ते केवळ बिल भरणाऱ्याला होत नाही. कोणता खर्च कामाचा आणि कोणता उभे राहण्याचा, हे त्याला बोट ठेवून सांगता येते. आणि ज्याला हिशेब सांगता येतो त्याला सौदाही करता येतो. संघटनेच्या कामात हा अनुभव नेहमीचाच आहे.

६. तिसरी वाट

तेव्हा आपल्यापुढे दोनच मार्ग आहेत काय? एकीकडे अवाढव्य ताफ्याची कंपनी, जेथे दर स्वस्त पण किल्ली दुसऱ्याच्या हाती. आणि दुसरीकडे एकाकी यंत्र, जेथे किल्ली आपली पण रिकामेपण परवडत नाही? महाराष्ट्राच्या कामगार इतिहासात यावर एक तोडगा नोंदलेला आहे. बाजारातील माथाडी आणि हमाल कोणा एका व्यापाऱ्याचे नोकर नव्हते. आज या पेढीवर, उद्या त्या गाळ्यावर. कोणीच मालक नाही, म्हणून कोणाचीच जबाबदारी नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यानंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. माथाडींची नोंद, व्यापाऱ्यांची नोंद, आणि दोघांच्या मध्ये एक मंडळ, ज्यात मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक लेव्ही मंडळात भरावयाची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस चालावयाचे. मागणीवर बोलावण्याची सोय मोडली नाही. तिची जबाबदारी मात्र सर्वांत वाटली गेली.

यंत्रांच्या बाबतीत हे करणे माणसांपेक्षा पुष्कळच सोपे आहे. दहा पतसंस्था, चार महाविद्यालये, दोन ग्रंथालये यांनी एक सामायिक क्लस्टर ठेवला, तर पतसंस्थांची गर्दी महिन्याच्या आरंभी, महाविद्यालयांची प्रवेशाच्या दिवसांत, ग्रंथालयांची संध्याकाळी, अशी ती विभागली जाईल. भिंत आणि शिधा यांची सोय कंटेनरमध्ये आहेच; शून्यावर उतरलेल्याची जागा दुसऱ्याला देणारा कारभारीही तयार आहे. उभे राहण्याचा खर्च वाटून घ्यावयाचा आणि किल्ली सर्वांच्या मंडळाकडे ठेवावयाची. मॅकार्थींच्या भाकितातून गळलेला 'सार्वजनिक' हा शब्द परत मिळविण्याचा हा एक व्यवहार्य मार्ग आहे. सहकाराच्या या भूमीत त्यासाठी नवे तत्त्वज्ञान लागू नये. लागेल तो राखण करणारा जाणता माणूस, आणि त्याचा पगार.

शेवटचा मुद्दा सांगून थांबतो. फंक्शनला हाक मारावी, कामापुरते पैसे द्यावेत आणि काम संपताच विसरून जावे, ही रीत यंत्रापुरती राहिलेली नाही. मोबाइलवर हाक आली की जेवणाचा डबा पोहोचविणारा तरुण धावतो. दोन हाकांच्या मधला त्याचा वेळ, फाटकाशी दुचाकी लावून उन्हात उभे राहण्याचा, बहुतेक ठिकाणी कोणाच्याच हिशेबात नसतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराची व्याख्या केंद्रीय कायद्यात आणली. राजस्थानने २०२३ मध्ये त्याच्यासाठी कायदा करून, प्रत्येक व्यवहारामागे शुल्क घेऊन कल्याणनिधी उभारण्याची तरतूद केली. माथाडींच्या लेव्हीशी तिचे नाते स्पष्ट दिसते. परंतु निधी वेगळा आणि वाट पाहण्याचे मोल वेगळे.

संगणकाच्या बाजारात हा प्रश्न सुटला आहे, हे आपण आता पाहिले. फंक्शन सज्ज हवे असेल तर सज्जतेचे पैसे मोजावे लागतात, आणि मोठमोठे धंदेवाले ते कुरकुर न करता मोजतात, कारण विझलेली चूल त्यांना परवडत नाही. यंत्राला हजेरीचा भत्ता मिळू लागला आहे. मुंबईच्या गोदीत माणसाला तो १९५१ साली मिळाला होता. आज हाकेसरशी धावणाऱ्या माणसाला तो का मिळू नये, याचे उत्तर तंत्रज्ञानाने अडलेले नाही. ते ज्यांनी हाक मारावयाची त्यांच्याकडून, म्हणजे आपल्या सर्वांकडून, यावयाचे आहे.